मुंबईच्या मुक्कामाला गाडी कशाला?

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई असे पाच जण अमेरिकेहून भारतात येत आहोत. आठ दिवस कोकणात गाडीने फिरायचे आणि चार-पाच दिवस मुंबईत राहायचे, असा बेत आहे. दादरचे घर विकल्यामुळे आता शहरात हक्काची जागा उरलेली नाही. नातेवाईक डोंबिवलीला आणि बोरिवलीला राहतात. विमानातून उतरल्यापासून परत जाईपर्यंत चालकासह एकच गाडी ठेवा, म्हणजे कटकट नको, असे सगळेच सांगत आहेत. तसे करावे का?

उत्तर : करू नये. गाडी कोकणासाठी घ्यावी, मुंबईसाठी नव्हे. ज्या सकाळी तुम्ही शहर सोडणार त्या सकाळी ती दारात यावी आणि ज्या संध्याकाळी परत याल त्याच संध्याकाळी हिशेब करून तिला मोकळे करावे. मधल्या दिवसांत तिचा उपयोग थोडा आणि ओझे फार, असा अनुभव बहुतेकांना येतो.

आधी पैशांचे पाहू. बाहेरगावच्या भाड्याला गाडीवाले साधारणपणे दिवसाला किमान 250 किंवा 300 किलोमीटर धरतात, आणि चालकाचा भत्ता त्याशिवाय असतो. तुम्ही त्या दिवशी दादरहून फोर्टला जाऊन आलात, म्हणजे जेमतेम 20-25 किलोमीटर फिरलात, तरी पैसे किमान अंतराचेच मोजावे लागतात. त्यात दादर-माहीमच्या जुन्या इमारतींमध्ये राहणाऱ्यांच्याच गाड्यांना जागा नसते, तिथे पाहुण्यांच्या गाडीला वॉचमन फाटकातून आत घेणार नाही. मग तुम्ही संग्रहालय पाहत असताना चालक चार गल्ल्या पलीकडे गाडी लावून बसतो, तुम्ही बाहेर आल्यावर फोनाफोनी होते आणि गाडी समोर येईपर्यंत मुले कंटाळलेली असतात. सासूबाईंना एखाद्या दिवशी तीन-चार घरी भेटीला जायचे असेल, तर तेवढ्या दिवसापुरती आठ तास, 80 किलोमीटरच्या बोलीने स्थानिक गाडी मिळते. ती जरूर घ्यावी.

राहण्याची जागा कोणती, यावर बाकीचे सगळे ठरते, म्हणून त्यासाठी थोडा वेळ द्यावा. माझ्या मते तुमच्यासारख्या कुटुंबाने दादर किंवा त्याच्या आसपासच मुक्काम करावा, मग खोली थोडी लहान मिळाली तरी चालेल. दादरला पश्चिम आणि मध्य या दोन्ही मार्गांच्या लोकल थांबतात; शिवाय आरे ते कफ परेड या भुयारी मेट्रोचे, म्हणजे मेट्रो 3 चे, स्थानकही पश्चिमेला आहे. या मेट्रोचा पहिला टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाला. पूर्वी आलेल्या अनेकांच्या मनातल्या नकाशात ती अजून नाही, म्हणून मुद्दाम सांगतो : साडेतेहतीस किलोमीटरच्या या मार्गावर 27 स्थानके आहेत आणि त्यांत विमानतळाची दोन्ही टर्मिनल, सिद्धिविनायक, सायन्स सेंटर, गिरगाव, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक आणि चर्चगेट अशी तुम्हाला नेमकी हवी असलेली ठिकाणे येतात. भाडे 10 ते 70 रुपयांच्या दरम्यान आहे. लिफ्ट आणि सरकते जिने असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला रेल्वेच्या पुलांपेक्षा मेट्रो कितीतरी सोयीची पडते.

आता डोंबिवलीकर रागावतील, हा प्रश्न उरतोच. त्यांच्याकडे न उतरण्याचे कारण त्यांना सरळ सांगावे, कारण रोजची लोकल काय असते हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? सकाळी आठ ते अकरा गर्दीचा लोंढा उपनगरांतून दक्षिणेकडे येतो आणि संध्याकाळी तोच उलट फिरतो. डोंबिवलीत मुक्काम करून सकाळी मुलांसह मुंबईकडे निघणे म्हणजे त्या लोंढ्यात स्वतःहून उडी घेणे. याउलट दादरला राहून सकाळी डोंबिवलीला गेलात आणि संध्याकाळी परतलात, तर दोन्ही वेळा तुमचा प्रवास गर्दीच्या उलट दिशेने होतो आणि बसायलाही जागा मिळते. बोरिवलीलाही हेच गणित लागू आहे. फक्त भेटीसाठी रविवार ठरवण्याआधी मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आणि किती वाजेपर्यंत आहे, ते आदल्या दिवशी पाहून घ्यावे; नातेवाईक घरी असण्याचा वार आणि रेल्वेच्या दुरुस्तीचा वार एकच असावा, हे मुंबईकरांचे जुने दुखणे आहे.

मुलांना लोकलमध्ये नेण्याची भीती वाटत असेल तर दुपारी बारा ते चारच्या दरम्यान पहिला प्रवास करावा. वातानुकूलित लोकलचे दरवाजे आपोआप बंद होत असल्यामुळे मुलांबरोबर ती बरी पडते, पण तिचे तिकीट वेगळे असते. पहिल्या वर्गाचे तिकीट तिथे चालत नाही. गाडीत चढल्यावर आपले स्थानक कोणत्या बाजूला येणार हे शेजारच्या माणसाला विचारावे आणि एक स्थानक आधीच दाराकडे सरकावे. चुकून कोणी फलाटावर राहिले, तर त्याने मागच्या लोकलने यावे आणि बाकीच्यांनी पुढच्या स्थानकावर उतरून फलाटावरच थांबावे, हे घरातून निघतानाच सगळ्यांना सांगून ठेवावे. असे झाल्यावर सगळेच एकमेकांना शोधायला धावले, की चुकामूक वाढत जाते.

टॅक्सी-रिक्षाबद्दल थोडक्यात : दक्षिणेकडे वांद्रे आणि शीवच्या पुढे रिक्षा येत नाहीत, त्यामुळे दादरला काळी-पिवळी टॅक्सी, ॲपवरची गाडी किंवा बेस्टची बस हेच पर्याय आहेत. काळ्या-पिवळ्या टॅक्सीची डिकी उघडून पाहिलीत तर आत सीएनजीची टाकी आडवी बसवलेली दिसेल. तिच्या शेजारी फार तर एखादी मऊ पिशवी मावते. मोठ्या बॅगा टपावरच्या कॅरियरवर दोरीने बांधाव्या लागतात. पाच माणसे आणि प्रत्येकी दोन मोठ्या बॅगा एवढ्या लवाजम्याला विमानतळावरून दोन गाड्या सांगणेच शहाणपणाचे. त्या वेळी मेट्रोचा विचार करू नये, कारण अमेरिकेकडून येणारी बरीच विमाने मध्यरात्रीच्या सुमारास उतरतात आणि तेव्हा ती बंद असते.

याच कारणाने शहराचा मोठा मुक्काम सहलीच्या आधी ठेवावा. मध्यरात्री उतरून पहाटे थेट कोकणच्या रस्त्याला लागण्यात वेळ वाचतो असे वाटते. पण तुमची झोप झालेली नसते आणि विमानतळाबाहेर ताटकळलेला चालकही रात्रभर जागाच असतो. घाटात असा चालक मला तरी नको. पहिले तीन दिवस मुंबईत काढावेत, पहाटे चारला जागी झालेली मुले शिवाजी पार्कावर सोडावीत, आणि बॅगा सांभाळायला तयार असलेल्या हॉटेलातच परतीच्या दोन रात्रींचेही आरक्षण करून मोठे सामान तिथे ठेवावे. आठ दिवसांच्या कोकणाला एका माणसामागे एक छोटी बॅग पुरते. घारापुरीची लेणी सोमवारी आणि राणीची बाग बुधवारी बंद असते, हे वार ठरवताना ध्यानात ठेवावे.

मुंबईतूनच गाडी घ्यायला हवी असेही नाही. अलिबाग-मुरुडकडे जाणार असाल तर गेटवेहून बोटीने मांडव्याला उतरून तिथून स्थानिक गाडी घेता येते; पुढे आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला अशा फेरीबोटींनी गाडीसकट खाड्या ओलांडत किनाऱ्याकिनाऱ्याने दापोलीकडे जाता येते, आणि मुलांना तोच सहलीचा सर्वांत आवडता भाग वाटण्याची शक्यता आहे. रत्नागिरी-मालवण गाठायचे असेल तर दादरहून रेल्वेने रत्नागिरीला जावे आणि आठ दिवसांची गाडी तिथलीच ठरवावी. आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडते आणि नाताळच्या दिवसांत कोकण रेल्वेची तिकिटे लगेच संपतात, तेव्हा इथल्या भाच्या-पुतण्यांपैकी कोणावर तरी ते काम आधीच सोपवावे. एक खबरदारी घ्यावी : गाडी रत्नागिरीची घेऊन कुडाळला सोडलीत, तर ती रिकामी परत जाण्याचे किलोमीटरही तुमच्याच बिलात येतात, म्हणून जिथून घेतली तिथेच सोडता येईल असा मार्ग आखावा. स्वतः चालवायची इच्छा असेल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट तिकडूनच काढून आणावे लागेल. मात्र उजव्या बाजूने चालवण्याची सवय जडलेल्या माणसाने अरुंद वळणांवर तो हट्ट न धरलेला बरा.

ज्यांना जून-जुलैच्या सुट्टीशिवाय गत्यंतर नाही, त्यांनी परतीच्या विमानाआधी मुंबईत दोन तरी रात्री हाताशी ठेवाव्यात. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की रस्ता कधी मोकळा होईल ते सांगता येत नाही, कोकण रेल्वे वेगळ्या आणि संथ वेळापत्रकाने धावते आणि गेटवे-मांडवा बोटी बंद असतात.

मुंबईतून गाडी केलीत, तर परतीचा दिवस रविवार नसावा. त्या संध्याकाळी सगळी मुंबई सुट्टीहून परतत असते. 15 ऑक्टोबर 2024 पासून शहराच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे, पण अटल सेतूवरून आलात तर त्याचा टोल भरावा लागतो, तेव्हा कोणत्या वाटेने यायचे ते चालकाशी पनवेलच्या आधीच ठरवावे. निघताना आणि पोहोचल्यावर किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवावा, फास्टॅगमधून कापलेल्या टोलची यादी चालकाच्या मोबाइलवर पाहावी आणि सामान उतरवून झाल्यावर त्याच जागी सगळे पैसे चुकते करावेत.