केमो होऊन सहा वर्षं झाली, आता रक्त कमी होतंय. जुन्या औषधांचा संबंध असेल का?

असू शकतो. आईंचा स्तनाचा कर्करोग सहा वर्षांपूर्वी बरा झाला, आता हिमोग्लोबिन ८ आणि प्लेटलेट ७० हजार आहेत, गावातल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण वीस वर्षं लॅबमध्ये रक्ताच्या काचा बघतेय. माझ्या आत्याचंही असंच झालं होतं. लोहाच्या गोळ्या आणि बीट-खजूर यांत आमचे चार महिने गेले, त्याची हळहळ अजून वाटते.

नुसतं लोह कमी असेल तर तांबड्या पेशी लहान होतात आणि प्लेटलेट सहसा घसरत नाहीत. म्हणून रिपोर्टवर एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, बघा. तो १०० च्या वर असेल तर आधी बी१२ तपासा, कारण त्याच्या कमतरतेतही असंच दिसतं आणि ती इंजेक्शनांनी भरून निघते. बी१२ ठीक निघालं तर मात्र थांबू नका. हिमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञांना, गाठा. ते बहुतेक बोन मॅरोचा, म्हणजे हाडातल्या मज्जेचा, नमुना काढायला सांगतील. त्यात क्रोमोसोमची तपासणीही करून घ्या. ५ किंवा ७ नंबरच्या क्रोमोसोमचा तुकडा गळालेला असणं ही जुन्या केमोची ओळखीची खूण आहे.

सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधं पेशींचा डीएनए बिघडवूनच कर्करोग मारतात. तो मार हाडांतल्या, रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींनाही बसतो आणि साधारण ५ ते १० वर्षांनी एमडीएस (मज्जेत धड रक्तपेशी न बनण्याचा आजार) म्हणून वर येतो. काहींचा पुढे ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, होतो. स्तनाच्या कर्करोगाच्या केमोनंतर हे शंभरात एकीलाही होत नाही, म्हणून केमो घेतली हे चुकलं, असं आईंना वाटू देऊ नका. त्या केमोनेच ही सहा वर्षं दिली असतील.

निदान हेच निघालं तरी मार्ग आहेत. अमेरिकन निवेदिका रॉबिन रॉबर्ट्स यांना २००७ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला, २०१२ मध्ये एमडीएस. बहिणीची मज्जा मिळाली आणि २०१३ मध्ये त्या कामावर परतल्या. आत्याचं वय ७१, तिला मज्जा बदलणं झेपणारं नव्हतं. तिला महिन्यातून सात दिवस अ‍ॅझासिटिडीनची इंजेक्शनं दिली.

मधेच रक्त चढवायची वेळ आली तर मामा-मावशींचं रक्त थेट आईंना देऊ नका. पुढे त्यांचीच मज्जा घ्यायची ठरली तर शरीर ती नाकारण्याचा धोका वाढतो. त्यांनी रक्तपेढीत बदली रक्त द्यावं.

आणि केमोची जुनी फाइल आजच शोधा. कोणतं औषध किती दिलं, हे पहिल्याच भेटीत विचारतात. आमची माळ्यावर सापडली.