'ग्लॅडिएटर' (2000) पाहण्यासारखा आहे का, आणि त्यातला इतिहास कितपत खरा?

जरूर पाहा, पण रोमचा इतिहास त्यातून शिकू नका. जर्मेनियातली सुरुवातीची लढाई, हान्स झिमर आणि लिसा जेरार्ड यांचं संगीत आणि रसेल क्रोचा मोजकं बोलणारा मॅक्सिमस यांवर चित्रपट तरून जातो. (वाकीन फीनिक्सचा भेदरलेला, चिडका कॉमोडस मला त्याहून आवडतो.) सिनेटमधली कारस्थानं मात्र रेंगाळतात.

इतिहासाचं म्हणाल तर मॅक्सिमस काल्पनिक आहे. कॉमोडसचे वडील, सम्राट मार्कस ऑरेलियस यांना पुन्हा प्रजासत्ताक आणायचं होतं, हेही पटकथेचंच, त्यांनी इ.स. 177 मध्येच मुलाला सहसम्राट केलं होतं. वडिलांनंतर कॉमोडसने 180 ते 192 अशी बारा वर्षं राज्य केलं आणि त्याचा शेवट आखाड्यात नव्हे, तर नार्सिसस नावाच्या मल्लाने गळा आवळून झाला. बहीण लुसिला त्याच्या कितीतरी आधी संपली होती. कट फसल्यावर त्यानेच तिला ठार करवलं.

तरी सगळंच थाप नाही. कॉमोडस स्वतः आखाड्यात उतरायचा. त्याच काळात सिनेटर असलेला कॅसियस डिओ लिहितो की, त्याने शहामृगाचं मुंडकं उडवून सिनेटरांसमोर नाचवलं, तेव्हा हसू दाबायला आपण डोक्यावरच्या मुकुटातली पानं चघळली. मार्कसचा मृत्यू आजाराने झाला असं बहुतेक इतिहासकार मानतात. पण कॉमोडसला खूश करायला वैद्यांनीच त्याला मारलं, असंही डिओने नोंदवलंय. त्यामुळे चित्रपटात कॉमोडस वडिलांचा खून करतो, ते अगदीच हवेतलं म्हणता येत नाही.