क्लीट लावले म्हणजे पाय वर ओढायचा का?

प्रश्न: सायकलला क्लीटवाले पेडल (बुटाच्या तळाला लावलेली पट्टी, म्हणजे क्लीट, ज्यात अडकते ते) घेतल्यापासून पाय जोर लावून वर ओढतोय. आता जांघेत दुखतंय. माझं काही चुकतंय का?

हो, ते ओढणं आधी थांबवा. पेडलला खरी ताकद मिळते ती खाली दाबताना, घड्याळाच्या काट्यात सांगायचं तर साधारण १ ते ५ च्या मध्ये, आणि ते काम कुल्ल्याचे आणि मांडीच्या पुढचे स्नायू करतात, शरीरातले सगळ्यात दांडगे स्नायू हेच. पाय वर उचलणारे जांघेतले स्नायू त्यामानाने लहान, ते लवकर थकतात. सायकलपटूंना मुद्दाम ओढायला लावून मोजलंय, तेवढ्याच पॉवरला ऑक्सिजन जास्त लागतो. म्हणून वर येणारा पाय फक्त हलका ठेवा, त्याचं ओझं दुसऱ्या पायावर पडू नये एवढंच बघा. स्प्रिंट मारताना किंवा खड्या चढावर थोडं ओढलं जातंच, ते चालतं.

प्रश्न: मग साध्या पेडलपेक्षा यात फायदा काय?

पाय सटकत नाही, बास! जोरात पेडल मारताना किंवा खड्ड्यातून जाताना पाय जागेवर धरून ठेवायला वेगळी ताकद घालवावी लागत नाही. १९८५ ला फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनो लूक कंपनीचे असे पेडल वापरून टूर द फ्रान्स जिंकला, तेव्हापासून रेसिंगमधले पाय पेडलला बांधायचे पट्टे हळूहळू गेलेच. पण आरामात फिरणाऱ्याला साधे पेडल अगदी पुरतात, हे मी मनापासून सांगते.

प्रश्न: तासाभरात पोटऱ्या भरून येतात. क्लीट पुढे घेऊ की मागे?

मागे, म्हणजे टाचेच्या दिशेने. क्लीट जितका बोटांकडे तितका घोट्यावर ताण जास्त, आणि घोटा घट्ट धरून ठेवायचं काम पोटरीचं. चवड्याचा फुगीर भाग पेडलच्या दांड्यावर किंवा किंचित पुढे यायला हवा. आधी जुन्या क्लीटभोवती पेनने रेघ मारून ठेवा, मग एका वेळी २-३ मिमीच सरकवा आणि दोन-चार राइड तसंच चालवून बघा. क्लीट बराच मागे गेला तर सीटही थोडी खाली घ्यावी लागते, हे बरेच जण विसरतात आणि मग गुडघ्याच्या मागे ओढ बसते.

प्रश्न: गुडघा एका बाजूनेच दुखतो. क्लीटमुळे असेल का?

असू शकतं, विशेषतः क्लीट बदलल्यावर सुरू झालं असेल तर. उंच टेबलावर बसून पाय मोकळे सोडा आणि बघा पंजे कुठे वळतात. बाहेर वळत असतील आणि क्लीटने सरळ कोंबून ठेवले असतील तर तो पीळ सगळा गुडघ्यावर जातो. शिमानो कंपनीच्या रोड क्लीटमध्ये लाल रंगाचा अजिबात हलत नाही, निळ्याला २ अंश मोकळीक, पिवळ्याला ६. तुम्ही लाल वापरत असाल तर पिवळे लावा. तरीही आठवडाभरात फरक नाही पडला किंवा सूज दिसली तर सायकल बाजूला ठेवून फिजिओला दाखवा, आणि जाताना ते शूज सोबत न्या.