पोरांना मधमाशी शिकवताना: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

दरवर्षी मे महिन्यात दोन गोष्टी वाढतात, खान्देशातलं ऊन आणि माझ्या फोनवरचे मेसेज. २० मेला जागतिक मधमाशी दिन असतो, २०१८ पासून साजरा होतो, आपल्याकडे तेव्हा नेमकी सुट्टी म्हणून शाळा तो जूनमध्ये ढकलतात आणि मग सगळे एकदमच जागे होतात, चार्ट करायचाय, नाटुकलं बसवायचंय, सर तुम्ही मधमाश्यांची पेटी घेऊन या. बरं, प्रश्न बघावेत तर गेल्या वर्षीचेच. म्हणून यंदा निवडक प्रश्नांना एकत्रच उत्तरं देतोय. नावं टाकलेली नाहीत, गावं तेवढी ठेवलीत. आणि आधीच सांगतो, मी पेट्या सांभाळणारा माणूस, डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे "डॉक्टरांना विचारा" लिहिलंय तिथे खरंच विचारायचं.

अंगणवाडी ताई, शहादा: चार-पाच वर्षांची मुलं आहेत, पोळ्याची गोष्ट सांगताना "राजा कोण?" विचारतात. काय सांगू?

राजा नसतो म्हणून सांगा ताई, एवढं सोपं आहे. आणि राणी असते पण ती हुकूम सोडत नाही, हे जास्त महत्त्वाचं, कारण आपल्या गोष्टींमध्ये राणी सिंहासनावर बसून "जा, मध आणा" सांगते आणि मुलांच्या डोक्यात ते कायमचं बसतं. राणीचं काम अंडी घालणं. तिच्या अंगाच्या वासावरून बाकीच्यांना कळतं की राणी घरात आहे, सगळं ठीक आहे, बस. रोजचं काम कामकरी माश्या आपापल्या वयाप्रमाणे करतात आणि त्या सगळ्या मादीच. कोषातून बाहेर आली की आधी घरं साफ करायची, मग अळ्यांना भरवायचं, मग मेण काढून पोळं बांधायचं, मग दारावर पहारा, आणि साधारण तीन आठवड्यांची झाली की बाहेर फुलांवर. म्हणजे सगळ्यात धोक्याचं काम सगळ्यात म्हाताऱ्या करतात! मुलांना हे फार आवडतं, "म्हणजे आजी शेतात जाते आणि ताई घरात बाळ सांभाळते" असं एका पोरीने मला सांगितलं होतं, यापेक्षा चांगलं मला पण सांगता आलं नसतं. नर माश्यांना नांगीच नसते, ते डंख मारू शकत नाहीत.

खेळ घ्यायचा तर रुपयाची सात नाणी घ्या, एक मधे ठेवा आणि भोवती बाकीची लावा, बरोब्बर सहा बसतात. मग मुलांना विचारा नाण्यांच्या मधली जागा वाया का घालवायची, भिंती सरळ केल्या तर काय आकार होईल. सहा बाजूंचं घर मुलं स्वतः शोधतात, फळ्यावर काढून द्यायची गरज नाही. आणि ते पिवळं, उलट्या टोपल्यासारखं कार्टूनमधलं पोळं भिंतीवर चिकटवू नका प्लीज. ती परदेशी गवताची टोपली, आपल्या मुलांनी ती जन्मात पाहिलेली नाही. आपल्याकडे फुलोरी, सातेरी, आग्या अशा मधमाश्यांच्या जाती, फुलोरीचं तळहाताएवढं पोळं लिंबाच्या नाहीतर बाभळीच्या फांदीला असतं, सातेरी झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या पोकळीत राहते, आग्या उंच कड्याला लोंबतं. याचे फोटो लावा.

एक आई, पारोळा: गांधीलमाशी आणि मधमाशी एकच ना?

नाही. गांधील गुळगुळीत, कंबर बारीक, ती अळ्या-किडे धरून पिलांना घालते आणि तिचं घर कागदासारखं असतं. मधमाशी केसाळ, मागच्या पायांवर परागाचे गोळे.

शिक्षक, चोपडा: बॅनरवर "मधमाशी संपली तर माणूस चार वर्षात संपेल, आइन्स्टाइन" हे वाक्य आणि खाली केळीच्या बागेचा फोटो टाकतोय, चालेल का?

दोन्ही काढा सर. आइन्स्टाइन असं बोलल्याचा कुठलाही पुरावा नाही, त्यांच्या नावावर कोणीतरी चिकटवलंय आणि दरवर्षी सगळे फॉरवर्ड करतात. ज्वारी, बाजरी, गहू, मका यांचं वाऱ्यावर किंवा आपल्या आपणच भागतं, म्हणजे कळण्याची भाकरी राहीलच.

आणि केळी! रावेर, यावल, चोपड्याची पोरं, त्यांच्या बॅनरवर केळी टाकणं साहजिक आहे, पण आपली बागेतली केळी परागीभवनाशिवायच धरते, म्हणून तर तिच्यात बी नसतं, रोप कंदापासून नाहीतर टिश्यू कल्चरचं. माश्या केळीच्या कमळावर, म्हणजे केळफुलावर, येतात त्या मकरंदासाठी, त्यांच्यामुळे घड पडत नाही. भरताचं वांगं पण टाकू नका, वांग्याचा पराग फूल जोरात थरथरवल्यावर नीट सुटतो, ते काम भुंगा करतो, मधमाशीला ते जमत नाही. मग टाकायचं काय? गिलकं (घोसाळं), टरबूज, काकडी, सूर्यफूल आणि कांद्याचं बी. कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट घेणाऱ्याला विचारा माशी नसली की काय होतं. खरी यादी छोटी असली तरी पोराला शेतात जाऊन तपासता येते.

एक आई, भुसावळ: उन्हाळ्यात कूलरवर माश्या येतात, मुलगी घाबरते. कुठला स्प्रे मारू?

स्प्रे अजिबात नाही. त्या पाणी न्यायला येतात, पोळ्यात पिलांची जागा ३४-३५ अंशांवर ठेवावी लागते, आणि तुमच्याकडे बाहेर ४५. मग त्या पाणी आणून घरांच्या कडांना पसरवतात आणि पंख हलवून वारा घालतात. म्हणजे त्यांचा पण कूलरच आहे! मुलीला एवढं सांगा, निम्मी भीती जाते. कूलरपासून लांब, सावलीत मातीचं पसरट भांडं ठेवा, त्यात खडे नाहीतर ओलं पोतं, म्हणजे बुडत नाहीत. पण हे मार्चमध्येच सुरू करा आणि एकही दिवस कोरडं पडू देऊ नका, एकदा कूलरची सवय लागली की हलवणं अवघड. मे उजाडल्यावर विचारून उपयोग नाही.

आजी, अमळनेर: नातू चार महिन्यांचा आहे, मध-सोनं चाटवतो आम्ही, शुद्ध घरचा मध आहे. थोडा गरम करून दिला तर?

नाही माय. एक वर्षाच्या आत मध नाही, शुद्ध नाही, गरम करून नाही, बोटभर पण नाही. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, उकळून ते मरत नाहीत, मोठ्यांना काही होत नाही पण बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार होतं. आधी चाटवला असेल तर घाबरून जाऊ नका पण डॉक्टरांना सांगून ठेवा, आणि बाळाला शी होत नाही, रडणं बारीक झालं, दूध ओढत नाही, अंग सैल पडलं असं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. "आम्ही पण चाटलोय, काय झालं" हे मला लिहू नका.

मुख्याध्यापक, चाळीसगाव तालुका: शाळेच्या पाण्याच्या टाकीखाली आग्यामोहोळ बसलंय. शिपाई म्हणतो रात्री टेंभा लावून टाकू. डिसेंबरात अजिंठ्याची सहल पण आहे. मुलांना काय सांगावं?

टेंभा लावू नका. परत लिहितो, टेंभा लावू नका. मी एका शाळेत असं जाळलेलं मोहोळ दुसऱ्या दिवशी बघायला गेलो होतो, नाव सांगत नाही. रात्री धुराने आणि जाळाने निम्म्या मेल्या, वाचलेल्या सकाळी त्याच काळ्या झालेल्या जागेवर घोंघावत होत्या आणि खाली प्रार्थनेची रांग! ज्यांनी जाळलं ते घरी झोपलेले आणि डंख सातवीच्या पोरांना.

आग्या पेटीत राहत नाही, पाळता येत नाही. एकच उघडं पोळं, मीटरभर पण असतं, आणि वरती माश्यांचा पडदा. नुसत्या त्या बसलेल्या असतील तर शंभरदा खालून जा, काही करत नाहीत. दगड, धूर, फटाके, डीजे, पोळ्यावर झेपावणारा पक्षी, रात्री खाली लावलेले हॅलोजन, यांनी बिथरतात. एकीने डंख मारला की तिथून एक वास सुटतो आणि तो वास बाकीच्यांना सांगतो "इथे मारा". तो वास पिकल्या केळ्यासारखा असतो, खरंच, दोन्हीत एकच रसायन आहे. म्हणून मी शाळांना सांगतो, पोळ्याजवळून जायच्या आधी डब्यात केळी देऊ नका. जळगाव जिल्ह्यात हे सांगणं म्हणजे काय ते मला माहितीय, तरी सांगतो.

मुलांना शिकवायचं ते हे: दगड नाही. माश्या अंगावर आल्या तर हात झाडत उभं राहायचं नाही, शर्ट नाहीतर ओढणी तोंडावर घ्यायची आणि सरळ पळत खोलीत नाहीतर गाडीत, दार बंद. विहिरीत-तळ्यात उडी मारायची नाही, त्या वर थांबतात. याची तालीम करा, आगीची करता तशी. अजिंठ्याच्या कड्याला आग्यामोहोळं असतात, तिथे तिथल्या कर्मचाऱ्यांचं ऐका, अत्तर-डिओ नको, खालून ओरडून प्रतिध्वनी ऐकण्याची हौस नको, आणि सहलीच्या संमतीपत्रात "पूर्वी डंखाची ॲलर्जी झाली होती का" ही ओळ असलीच पाहिजे, तसं मूल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका.

डंख झालाच तर नांगी लगेच काढा, नखाने, जशी निघेल तशी. एटीएम कार्ड शोधत बसता तेवढ्यात नांगीची पिशवी विष सोडत राहते. मग साबण-पाणी, गार पट्टी. लोखंड घासणं, चुना, रॉकेल, शेण यातलं काहीही नको. जागा सुजणं ठीक आहे. पण अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, श्वासाला त्रास, उलटी, चक्कर, यातलं एकही दिसलं की १०८, "थोडं थांबून बघू" नाही, कारण हा खेळ मिनिटांचा असतो. आणि खूप डंख झालेलं मूल हसत-खेळत असलं तरी दवाखान्यात न्या, विषाचा किडनीवर परिणाम नंतर दिसतो.

आता टाकीचं. फुलोरा संपला की आग्या स्वतःहून उठून जातं. तोपर्यंत ती बाजू दोरी लावून बंद करता येते का बघा. येत नसेल तर ग्रामपंचायत आणि वनविभागाशी बोला आणि शिकलेला माणूस आणा. सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल मंडळींत असे जाणकार आहेत, ते मधाचा वरचा कोपरा तेवढा कापून पिलांचा भाग ठेवतात, त्यांना हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण शाळेत हे काम सुट्टीच्या दिवशीच, आणि आजच फोन करा, पुढच्या मीटिंगला विषय ठेवू नका.

वडील, जळगाव: उन्हाळी शिबिरात "लाइव्ह हनी बी एक्सपीरियन्स" आहे, मुलं पेटी उघडून माश्या हातावर घेतात. पाठवू का?

मी माझ्या नातीला पाठवणार नाही. हातावर माशी घेऊन पोराला फोटो मिळतो, माहिती शून्य. विचारा त्यांना, प्रत्येक मुलाला जाळीची टोपी आहे का, जवळचा दवाखाना कुठला, ॲलर्जीचं विचारलं का, शिकवणाऱ्याने प्रशिक्षण कुठे घेतलं. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून शिकवतेय, महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, त्यामुळे "अनुभवातून शिकलो" एवढ्यावर पोरांचा जीव कोणाच्या हातात देऊ नका. काचेची बंद पेटी दाखवत असतील तर खुशाल पाठवा, तिच्यात राणी पण दिसते, आणि शेवटी मधाची बाटली विकत घ्यायची सक्ती नाही ना तेही बघा.

शिक्षिका, धुळे: प्रयोगाला आणलेला मध खाली साखरेसारखा बसला. भेसळ?

मध गोठतो, भेसळीची खूण नाही. पाण्यात थेंब टाकणे, वात पेटवणे हे पण प्रयोग म्हणून दाखवू नका, त्यातून काहीही सिद्ध होत नाही, भेसळ प्रयोगशाळेतच कळते. त्यापेक्षा चमचाभर मध दाखवून सांगा, एक कामकरी माशी आयुष्यभरात चमच्याचा जेमतेम बारावा भाग मध करते. मग बारा मुलांना एका चमच्याभोवती उभं करा.

शेतकरी, धरणगाव: कपाशीवर फवारणी केली, पोराने मेलेल्या माश्या गोळा करून आणल्या आणि विचारतो "पप्पा, हे आपण केलं का?"

हो म्हणा. मग पुढच्या फवारणीच्या आधी ममुराबाद नाहीतर पालच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, पोराला पण न्या. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही औषधं माशीला फार जड जातात, फवारायचंच असेल तर संध्याकाळी माश्या परतल्यावर, पण कुठलं, किती आणि लागतं तरी का हे दुकानदाराला नका विचारू, तो विकायला बसलाय.

एक आई, नंदुरबार: मुलाला जवळून दाखवायची आहे, पेटी मिळत नाही. कुठे न्यायचं?

पेटी कशाला? गिलक्याचा वेल शोधा, सकाळी सातच्या आत जा, दोन हात लांब बसा आणि दहा मिनिटं हलू नका. एका फुलावर माशी किती वेळ थांबते ते मुलाला मोजू द्या, मागच्या पायावर पिवळा गोळा दिसतो का बघा. बंद पायाचे बूट आणि फुलाला हात नाही, एवढे दोनच नियम. आणि दोडक्याच्या वेलाजवळ सकाळी उभं राहून "एकही माशी आली नाही सर" असा मेसेज करू नका, दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात.