मंडईच्या मंचावरून आकाशवाणीकडे : नव्या नाटककारास

आपण झाडीपट्टीसाठी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रंगभूमीसाठी, नाटके लिहिता आणि आता आकाशवाणीसाठी श्रुतिका, म्हणजे नुसती ऐकायची नाटके, लिहू इच्छिता, हे उत्तमच. मात्र तेच नाटक कापून पाठवू नका. गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या नाट्यमंडळांसाठी लिहिताना, दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, आलेला प्रेक्षक रात्रभर बसणार आहे आणि त्याला गाणी व विनोदी प्रवेश हवे आहेत, हे धरूनच अंक बांधावे लागतात. श्रुतिकेत तेवढी ऐसपैस जागा नसते. पात्र आत आले, ते रागावलेले आहे, त्याच्या हातात विळा आहे, हे सारे संवादातून, पावलांच्या आवाजातून किंवा नुसत्या स्तब्धतेतून कळले पाहिजे, आणि तरीही ‘हा पाहा माझ्या हातातला विळा’ असले बेगडी वाक्य कोणाच्या तोंडी घालता येत नाही. एका प्रसंगात तीन-चारपेक्षा अधिक आवाज ठेवू नयेत. समवयस्क पुरुष दोन असतील, तर आवाज वेगळे ओळखू यावेत म्हणून एकाला झाडीबोली, म्हणजे तिकडची बोली, द्यावी. १९४८ पासून चालू असलेल्या नागपूर केंद्रासाठी लिहायचे म्हणून ती पुसून टाकण्याचे कारण नाही. नाट्यमंडळाला संहिता देताना मात्र ध्वनिरूपांतराचे हक्क आपल्याकडेच राहतील, असे लेखी घ्यावे. विषय काढताना संकोच वाटतो, तरी काढावाच.