काउंट पडले की अँटिबायोटिक : पालकांचे प्रश्न

आमच्या सहा वर्षांच्या मुलीला एएलएल हा रक्ताचा कर्करोग आहे. शेजारच्या बेडवरच्या एएमएलच्या (दुसऱ्या प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाच्या) मुलाला रोज लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मिळतं, हिला नाही. असं का?

दोन्ही ल्युकेमियाच, पण किमोची झळ वेगळी. एएमएलमध्ये न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली जातात (यालाच काउंट पडणं म्हणतात) आणि कित्येक दिवस वर येत नाहीत. त्यातच तोंडाचं, आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि तिथले जंतू थेट रक्तात शिरतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एएमएल आणि उलटलेल्या (बरा होऊन परत आलेल्या) एएलएलचे रुग्ण होते. लिव्होफ्लॉक्सासिन न घेणाऱ्या सुमारे ४३ टक्के जणांच्या रक्तात जिवाणू सापडले, घेणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांच्या. म्हणजे जवळपास निम्मे. तुमच्या मुलीचा एएलएल पहिल्यांदाच झालेला असेल, तर हे औषध सरसकट दिलं जात नाही.

दिलं तर बिघडलं कुठे?

औषधाला न जुमानणारे जंतू आतड्यात घर करतात. पुढे खरा संसर्ग झाला की हाताशी औषधं कमी उरतात. शिवाय जुलाब, सांधे-स्नायुबंध दुखणं, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम. ‘असू दे, बरं असतं’ म्हणून द्यायची ही गोळी नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना ती दिली आहे त्यांनी कॅल्शियम, लोह किंवा झिंकच्या औषधांसोबत घेऊ नये. ती नीट शोषली जात नाही.

काउंट चांगले असूनही आठवड्यातून दोन-तीन दिवस कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक का?

हे वेगळ्याच शत्रूसाठी आहे : न्यूमोसिस्टिस, फुप्फुसात न्यूमोनिया करणारी बुरशी. तिच्याशी लढतात लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी, त्यामुळे न्यूट्रोफिल ठीक असले तरी धोका राहतो. म्हणून मेंटेनन्समध्येही (उपचाराच्या शेवटच्या, सौम्य किमोच्या लांब टप्प्यातही) हे औषध चालू ठेवतात. मेथोट्रेक्सेट या किमोच्या औषधाच्या मोठ्या डोसच्या वेळी मात्र डॉक्टर ते थांबवतात, कारण दोन्ही मिळून काउंट आणखी पाडतात. स्वतःहून बंद करू नका. पुरळ आलं तर कळवा, पर्याय आहेत.

अँटिबायोटिक चालू असताना रात्री ३८.४ अंश सेल्सिअस ताप आला. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबलो. चाललं का?

नाही. रागावत नाही, पण पुन्हा करू नका. प्रतिबंधक गोळीने धोका कमी होतो, संपत नाही. पॅरासिटामॉलने ताप लपतो, संसर्ग नाही. ३८.३ एकदाही दिसला, किंवा ३८ अंशांचा ताप तासभर टिकला, की मध्यरात्र असली तरी हॉस्पिटलला निघायचं. पोहोचताच सांगा, ‘किमो चालू आहे, ताप आहे.’ ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी) घेऊन तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. ताप नसूनही मूल मलूल पडलं, थंडी वाजून कापू लागलं, तरी हेच.