आधी सांगाडा

प्रिय,

पत्र वाचलं, फोटो पाहिले. तुझं मातीचं डोकं मानेतून का खचलं आणि दुसऱ्याच्या स्टुडिओत किती वर्षं काढायची, हे दोन प्रश्न तू वेगळे समजतोयस. माझ्या मते उत्तर एकच आहे: सांगाडा, म्हणजे मातीला आतून धरणारा पाइप-तारांचा आधार.

फ्रेंच शिल्पकार आंत्वान बूर्देल हा फर्निचर करणाऱ्या कारागिराचा मुलगा. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि बापाच्या कारखान्यात लाकूड कोरायला लागला. १८९३ ते १९०८ तो नामवंत शिल्पकार रोदँकडे दगड कोरत होता. नाव रोदँचं, हात याचा. पण १९०० मध्ये त्याने स्वतःचं अपोलोचं डोकं सुरू केलं. रोदँची थरथरती त्वचा बाजूला ठेवून मोठी, घट्ट प्रतलं, म्हणजे सपाट पृष्ठभाग, आणि त्यांच्याआड हाडं. ते पुरं व्हायला १९०९ उजाडलं. तेव्हा नोकरी सोडू की नको हे विचारू नकोस. कोपऱ्यात ओल्या फडक्याखाली तुझं स्वतःचं काही उभं आहे का, ते सांग.

त्याचं ‘धनुर्धर हेराक्लीस’ हे शिल्प नीट बघ. धनुष्याला दोरी नाही, बाणही नाही. तरी ताण जाणवतो, कारण खडकाला रेटलेल्या पायापासून ताणलेल्या हातापर्यंत जोर कुठेच तुटत नाही. स्नायू नंतरचे!

आता तुझं डोकं. पाइप सरळ उभा आहे आणि मान मात्र पुढे झुकलेली. म्हणून पाइप मानेच्या मागच्या बाजूला गेला, पुढची माती निराधार राहिली आणि घसरली. पाइप मानेच्या कलाने वाकव, टाळूच्या पाचेक सेंटिमीटर खाली थांबव. गुळगुळीत पाइपवर माती धरत नाही, त्यावर तार गुंडाळ. वर ॲल्युमिनियमच्या तारेचे दोन आडवेउभे फेर दे आणि आत लाकडाच्या दोन पट्ट्या फुलीत बांधून टांग. माती त्या फुलीवर बसते, नाहीतर स्वतःच्या वजनाने उतरते. सुकत आलेल्या थरावर ओला थर लावलास, तिथेच भेग पडली.

सांगाड्याला दोन दिवस जातील. जाऊ देत. पापण्या कोरायची घाई मला बघवत नाही. हट्टी म्हणायचं तर म्हण, पण सांगाडा चुकलेला असताना वरून डागडुजी करून डोकं सावरत नाही.

बूर्देल १९०९ पासून १९२९ पर्यंत, मरेपर्यंत, पॅरिसच्या ग्रांद शोमिएर या कलाशाळेत शिकवत होता. पुढे शिल्पकार म्हणून गाजलेला जाकोमेत्ती तिथे १९२२ मध्ये शिकायला आला. त्याच्या नंतरच्या काडीसारख्या मूर्ती गुरूसारख्या अजिबात नाहीत, पण उभ्या आहेत.

ही माती काढून टाक. जपून ठेवू नकोस. नुसत्या सांगाड्याचा फोटो पाठव, समोरून आणि बाजूने.

तुझा,
सर